बिनबंदुकीचे साहेब

मु. पिंपळथडी, तालुका गेवराई
पौष वद्य पंचमी, शके १८४८

करकोचे बर्फाचे डोंगर वलांडून येतात असं तुझे साहेब सांगत होते. ते वेळेवर आले. तू औरंगाबादेहून आला न्हाईस. चार परकी माणसं माझ्या दारात पाठवून दिलीस, आणि ऐन मोटारीत बसायच्या घटकेला तुला म्हणे ताप आला. इतका वेळ बघून येणारा ताप मी माझ्या उभ्या जन्मात बघितला न्हाई.

हे आधी लिहिलं. पोटात ठेवून आशीर्वाद लिहिला असता तर तो बी नासला असता. आता रीतीनं लिहिते.

चिरंजीव राधाकिशन यास आजी छबुबाईचा आशीर्वाद. इकडं सगळं बरं हाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. बंकट पाटलाची म्हातारी पडली आणि उठली बी. कुलकर्ण्याचा दमा तसाच. आजचं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं न्हाई. माझं अक्षर पोथी वाचण्यापुरतं, ते तुला ठावं हाय, तरी मीच लिहिते. यातलं काही कुलकर्ण्याच्या कानावर गेलं की दिवस मावळायच्या आत गावभर होतं.

बायना बरी हाय. तुझी बायको. बिऱ्हाड मिळालं की नेतो म्हणून गेलास त्याला तीन संक्रांती झाल्या. बिऱ्हाड मिळाल्याचं आता साहेबांच्या तोंडून कळलं. दोन खोल्या हायेत, पुढं अंगण हाय, अंगणात लिंबाचं झाड बी हाय म्हणे. मग तिला नेतोस का न्हाई? एवढं एकच मला विचारायचं हाय. पण आधी हे दोन दिवस कसे गेले ते ऐक, म्हणजे काय उत्तर द्यायचं ते तुला नीट कळंल.

सटवा कोतवाल 'साहेब आले, साहेब आले' करीत पळत आला, तवा मी पहिलं काम केलं ते कोंबड्या खुराड्यात घातल्या. मी अमलदार पुष्कळ बघितले. कुणी जमाबंदीला आला, कुणी शिकारीला. आला की आधी कोंबड्या कमी होतात, मग दूध, मग वेठीला माणसं. बघते तर गाडीतून कमरुद्दीनसाहेब उतरले. काटकुळे, दाढी पिकलेली, गळ्यात चामड्याच्या वादीनं बांधलेली दुर्बीण. मागं एक मास्तरीणबाई, पायात पुरुषी बूट. तिच्या मागं दोघं तरणे मास्तर, थंडीनं निळे पडलेले. मोटार शहागडला ठेवून, होडीनं नदी उतरून बैलगाडीनं आलते. बंदूक एकाजवळ बी न्हाई.

त्यांचं पाखरं बघायचं मंडळ हाय म्हणे, कलब म्हणतात त्याला. जुम्म्याच्या सुट्टीला एक दिवस जोडायचा आणि नदीच्या थडीथडीनं हिंडायचं. साहेब मला म्हणले, "अम्मा, आपके राधाकिशन ने करकोचों का इत्ता बयान किया, इत्ता बयान किया, के हमसे रहा नइं गया." शिधा बी संगं आणलता. लोकाच्या घरी स्वतःचं पीठ घेऊन येणारा अमलदार मी पहिल्यांदा बघितला. बायनानं ते पीठ तसंच बाजूला ठेवलं आणि आपल्या घरच्या भाकरी केल्या, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी केली. साहेबांनी बोटं चाटून खाल्ली.

दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी बायनाकडं बघून मला एक गोष्ट विचारली. ती मागून लिहीन. आधी पाखरांचं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी, बिस्तारवारी, तांबडं फुटायच्या आधी आमी सगळे नदीवर. मला बी घेऊन गेले. मी म्हणले, म्हातारीचं तिथं काय काम? तर साहेब म्हणले, मेजबान बिगर कैसा जाना? गाडीत कडबा घालून मला बसवलं. नदीवर धुकं असं, की बैलाचं शिंग दिसायचं न्हाई. पण ऐकू येत होतं. वाळूच्या बेटावर करकोचे जागे होत होते, आपसात कुरकुरत होते. लग्नघरी पहाटे बाया उठून बोलतात ना, तसं. साहेब वाळूत गुडघ्यावर बसले आणि त्यांनी श्वास बी आवरून धरला. मास्तरीणबाईनं तोंडाला पदर लावला, वाफ दिसू नये म्हणून. मी मनात म्हणले, देवळात बी माणसं इतकी गप बसत न्हाईत.

तेवढ्यात पलीकडून हलगी वाजली.

बंकट पाटलानं हाका घातलता, शिकार उठवायचा गलका. अर्धं गाव घेऊन आलता. डबे, ताशे, थाळ्या, काठ्या. साहेब आले म्हणजे शिकार, आणि शिकार म्हणजे हाका, एवढंच त्याला ठावं. त्यानं कुणाला न विचारता सगळा बंदोबस्त करून ठेवलता. नदीवरची सगळी पाखरं एकदम उठली. करकोचे, चकवे, डोक्यावर काळे पट्टे असलेले ते हंस, बगळे, टिटव्या, सगळी. धुकं फाटल्यावाणी झालं. वर पंखांचा असा आवाज, की बैल बुजले आणि मी कडब्यात उताणी पडले. मग हळूहळू आवाज लांब गेला. मग काहीच न्हाई. नदी रिकामी.

पाटील पलीकडल्या काठाला छाती काढून उभा. बंदुकीच्या बाराची वाट बघतोय. बार काही होईना. मग गुडघाभर पाण्यातून इकडं आला.

"काकी, बंदुकीची दारू भिजली का?"

"बंदूक न्हाई आणली."

"मग मारणार कशानं?"

"मारायचं न्हाई त्यांना. बघायचंय."

"काय बघायचंय?"

"करकोचे."

पाटील माझ्याकडं बघतोय, साहेबांकडं बघतोय. "काकी, थट्टा करू नका. औरंगाबादेहून मोटारीनं कुणी करकोचा बघाय येतं का? त्यो काय नवरी हाय?"

"तुझ्या बापानं तुझी नवरी बघाय बारा गावं पायी घातली आणि काय आणलं ते आमी बघितलंय. हे बरे, मोटारीनं येऊन चांगलं तरी बघतात."

सटवा हलगी तोंडापुढं धरून हसला. पाटलाला हसू येईना, भ्यालता बिचारा. मागल्या साली एका अमलदाराला शिकार गावली न्हाई, तर त्यानं पाटलाला चावडीपुढं उन्हात उभा केलता. ते त्याच्या डोळ्यापुढं होतं. साहेबांपुढं गेला आणि पागोटंच काढाय लागला. तर कमरुद्दीनसाहेबांनी त्याचा हात धरला. म्हणले, "पाटील साब, आपने मेहमाननवाजी करी. पहले बोलना था, हम नइं बोले. गलती हमारी."

राधाकिशन, अमलदारानं 'गलती हमारी' म्हणल्याचं मी कधी ऐकलं न्हाई. पाटलानं बी ऐकलं नसावं, कारण तो पागोटं हातात धरून तसाच उभा राहिला. अशा माणसाच्या हाताखाली तू हायेस. हे नशीब समज.

त्या दिवशी आमी थडीनं लई लांब गेलो. एक धोबी पाखरू शेपूट हलवीत गेलं, दोन टिटव्या ओरडल्या. बाकी न्हाई. साहेब त्या धोब्याकडंच इतका वेळ दुर्बीण लावून बसले, की मला वाटलं त्याच्यावर सोन्याची मोहोर बसवली असंल. मग मला म्हणले, अम्मा, देखो. मी एक डोळा मिटून बघितलं. माझ्या डोळ्यात आता फूल पडाय लागलंय, शेजारच्या बाईचं तोंड नीट दिसत न्हाई. आणि त्या नळीतून पलीकडल्या काठावरच्या पाखराच्या छातीवरचा काळा ठिपका दिसला, पायाची नखं दिसली. मी दुर्बीण परत देईना. मास्तरीणबाई हसाय लागली. हसू दे. माणसानं केलेली एवढी चांगली वस्तू मी दुसरी बघितली न्हाई.

सांजच्याला सगळे ओट्यावर बसलते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघायचं, आणि ज्याच्यासाठी आले तेच बघितलं न्हाई. बायनानं मला मागल्या दारी बोलावलं.

"आजी, उद्या आपल्या रानात गोफण चालवायची न्हाई."

आपलं थडीचं रान तुला आठवतं का? औंदा तिथं हरभरा हाय. गुडघ्याला लागतो, घाट्यांनी वाकलेला. नांगर सटवाच्या भावानं धरला, बाकी पेरणी, खुरपणी, राखण सगळं बायनानं केलं. रोज पहाटे माळ्यावर चढून गोफण फिरवायची, हाताला घट्टे पडलेत. सगळ्या शिवारात सगळ्यांच्या गोफणी चालणार, आणि आपलंच एक रान गप. म्हणजे जेवढे करकोचे असतील तेवढे सगळे आपल्याच हरभऱ्यात.

मी म्हणले, "येडी झालीस का? हरभरा काय तुझ्या बापाचा हाय?"

"माझ्या बापाचा न्हाई. त्यांचा हाय." आणि जरा थांबून म्हणली, "साहेब बी त्यांचेच हायेत. त्यांच्या सांगण्यावरून आलेत. रिकामे गेले तर त्यांचा शब्द खोटा पडंल."

खुंटीवरची गोफण काढून मी पेटीत घातली.

जुम्म्याला पहाटे साहेबांनी वाळूत नमाज पढली. मग आमी सगळे रानाच्या बांधावर कडब्याच्या गंजीमागं दडून बसलो. भोवतालच्या रानातून हाळ्या आणि गोफणीचे दगड सुरू झाले. आपल्या रानात चिटपाखरू न्हाई, बायना माळ्याखाली हात मांडीवर ठेवून बसलेली. ऊन पडलं, आणि ते आले.

आधी वरून आवाज आला. मग आभाळात लांब दोर ओढल्यावाणी रांगा. एक रांग घिरटी घालून खाली आली, मग दुसरी, मग मोजणं सोडून द्यावं असं झालं. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा झुबका मागं गेलेला, जशी बाईनं कानामागं फुलं माळावी. पाय लांब, पण उतरताना एक बी धडपडत न्हाई. आधी सगळे माना वर करून उभे. दुर्बिणीतून मी एकाचा डोळा बघितला, गुंजेसारखा लाल. त्यानं पक्की खात्री केली, मग मान खाली घातली, आणि मग सगळ्यांनी. घाटे फुटण्याचा आवाज यायला लागला. मधेच दोघंजण पंख पसरून एकमेकांपुढं नाचले. उड्या मारल्या, माना वाकवल्या, पुन्हा खायला लागले. लाज न्हाई, घाई न्हाई. एवढा देखणा चोर मी बघितला न्हाई.

साहेब रडत होते. दाढीत पाणी उतरत होतं आणि त्यांना ते पुसायचं ध्यान न्हाई. दोघं मास्तर तोंड उघडं टाकून बसलेले. मी मात्र हरभऱ्याकडं बघत होते, आणि मधेमधे बायनाकडं. तिच्या तोंडावर काय होतं सांगू? जेवणावळीत पंगत पोटभर जेवते तवा वाढणारणीच्या तोंडावर असतं, ते.

ऊन चढल्यावर ते उठले आणि गेले. रानात नुसत्या काड्या उरल्या.

आता ती दारातली गोष्ट लिहिते. टाळून झाली.

बुधवारी सांजच्याला साहेबांनी बायनाला बघून मला विचारलं, "येइच वो बाई है ना अम्मा, घर का काम देखनेवाली? राधाकिशन बोलता था, घर में दादी है और एक काम की बाई है, बस." मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते तुला माहीत हाय, माझी जीभ तुला माहीत हाय. बायनानं मागून माझा दंड धरला, असा, की बोटं उमटली. आणि पुढं होऊन साहेबांच्या पायावर पाणी घातलं, कामाच्या बाईनं घालावं तसं. मग मी बी गप बसले. दोन दिवस गप बसले. तिनं भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, मास्तरीणबाईचे चिखलाचे बूट धुतले. तिला 'बाई, ए बाई' म्हणून हाका मारल्या, ती 'जी' म्हणून गेली.

साहेबांना शंका आली न्हाई, साधा माणूस. मास्तरीणबाई मात्र आपल्यातली, पुण्याकडची. तिनं पहिल्या रात्रीच ओळखलं असावं की हिचं चालणं कामाच्या बाईचं न्हाई. मला आडून विचारून झालं, मी उडवून लावलं. मग परवा, करकोचे गेल्यावर, त्या काड्यांत उभी राहून तिनं बायनालाच विचारलं.

"शेत कुणाचं गं हे?" आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

तुला कळलं ना ती काय बघत होती? लग्नाची बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. 'ह्यांचं' म्हणंल, 'आमच्या घरचं' म्हणंल, लाजून सासऱ्याचं नाव सांगंल. लग्नात आणि सणावाराला उखाण्यात घेईल तेवढंच. बायना या घरात आली तेव्हापासून तिच्या तोंडून तुझं नाव मी सरळ ऐकलेलं न्हाई. देवळात नारळ फोडताना बी 'ह्यांच्या नावानं' म्हणते.

बायनानं मास्तरीणबाईकडं सरळ बघितलं आणि म्हणली, "राधाकिशनरावाचं."

मास्तरीणबाईच्या तोंडावरची शंका गेली. साहेब मात्र दचकले. त्यांना वाटलं होतं रान पाटलाचं असंल. म्हणले, "राधाकिशन का? और तुम उनकू पूछे बगैर पूरा खेत चरवा दिये? हमारे वास्ते?" मग त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्हारी नौकरी जाएगी. नक्को घबराना. मैं खुद बोलता उनकू. तुमको नइं निकालेंगे."

बायना म्हणली, "न्हाई काढायचे, साहेब. मी जुनी हाय."

राधाकिशन, मी दोन लेकरं पुरली, तुझ्या बापाला माती दिली, पण असलं कधी ऐकावं लागलं न्हाई. हरभरा गेला त्याचं मला काही न्हाई, पुन्हा उगवंल. तू तिला घरातून काढून कामाला ठेवलीस, तुला लाज वाटली असंल, बूट आले, कलब आला, हिचा नऊवारीचा काष्टा तिथं बसंना. ते मी समजू शकते, समजून माफ करीन असं न्हाई. पण तिनं तुझी अब्रू राखायला स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कुंकू पुसावं तसं तुझं नाव घेतलं, आणि आवाज हलू दिला न्हाई. मी इतकी म्हातारी झाले, माझ्यानं हे झालं नसतं. मी तिला आजवर बावळी म्हणत आले. तुझ्यापुढं बी म्हणले असंन. ते शब्द माझे मी परत घेतले.

पाहुणे गेले तवा साहेबांनी माझ्या पायाला हात लावला आणि बायनाला म्हणले, "बाई, याद रखूंगा." मग ती नदीवर गेली, नाव घेतलेलं तोंड दोनदा खळखळून धुतलं, आणि काड्यांत राहिलेले घाटे ओटीत वेचत बसली. मी जवळ गेले. रडत न्हवती. मला म्हणली, "आजी, त्यांना ताप खराच आला असंल ना?"

मी म्हणले, "खराच."

हे पत्र मी लिहितेय ते तिला ठावं न्हाई. मी तिला बैलगाडीत घालून तुझ्या दारात आणून सोडू शकते. साहेबांना पत्र लिहून सगळं कळवू शकते. दोन्ही करायचं न्हाई. तिनं जे झाकलं ते मी उघडं करणार न्हाई. उघडं करायचं ते तू. साहेब इथून पुढं दौऱ्यावर गेलेत, परतले की कचेरीत तुला बोलावतील, 'उस बाई को मत निकालो' म्हणतील, आणि तुझ्या तोंडाकडं बघतील. ते तोंड उघडायचं. ती कोण, ते माणसांदेखत सांगायचं. साहेबांना राग येईल, येऊ दे. 'गलती हमारी' म्हणणारा माणूस हाय तो, दुसऱ्याची गलती बी ऐकून घेईल. न्हाई घेतली तर नोकरी जाईल. रान हाय. काड्या मोडून पुन्हा पेरू.

आणि तुला न्यायचं नसंल तर तसं बी साहेबांनाच सांग. मग इकडं कधी फिरकू नको. बायना माझी हाय, माझ्यामागं घर आणि रान तिचं. पाटलापुढं तसं करून ठेवीन.

तुझी सही असलेलं उत्तर मला नको. तू गोड लिहितोस, ते मी पुष्कळ वाचलं. या पत्राचं उत्तर कमरुद्दीनसाहेबांनी लिहायचं, बायनाच्या नावानं. उर्दूत लिहिलं तरी चालंल, इथले मुल्लाजी चावडीवर मोठ्यानं वाचतील. त्यात तिला 'बाई' म्हणून हाक मारलीय का 'राधाकिशनची बायको' म्हणून, ते सगळं गाव ऐकंल, आणि मी बी ऐकीन.

आजी छबुबाई

उत्तर साहेबांचं. तुझं न्हाई.